दारात आलेल्या मुक्या जिवांचा वैद्य : डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर

वसतिगृहात वाढलेल्या बहुतेकांच्या आठवणीत एक खडूचा रिकामा खोका असतो. वळवाच्या पावसात घरट्यातून खाली पडलेले एखादे पिल्लू त्या खोक्यात कापूस अंथरून ठेवलेले असते आणि पाच-सहा मुले श्वास रोखून त्याच्याकडे पाहत असतात. आमच्याही वाट्याला असे एक बुलबुलाचे पिल्लू आले होते. आम्ही त्याला दुधात भिजवलेला पाव भरवला, चोचीत थेंबाथेंबाने पाणी सोडले, आणि सकाळी उठून पाहिले तो ते गतप्राण झालेले होते. पक्ष्यांना दूध पचत नाही आणि चोचीत ओतलेले पाणी त्यांच्या श्वासनलिकेत उतरते, हे ज्ञान आम्हांस पुष्कळ वर्षांनी झाले. आमच्या दयेनेच त्या पिल्लाचा जीव घेतला असावा, ही टोचणी अद्यापही पूर्णपणे गेलेली नाही.

त्याच काळात आम्ही राजपुत्र सिद्धार्थाची कथा शिकलो होतो. बाणाने विद्ध झालेला हंस, त्या हंसावर हक्क सांगणारा देवदत्त, आणि मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा अधिकार मोठा मानणारा तो निवाडा. निवाड्यापाशी आमचा पाठ संपत असे. पुढे त्या हंसाला कोणी काय खाऊ घातले, त्याचा पंख किती दिवसांनी बरा झाला, हे पाठात नव्हते. एखाद्या घायाळ जिवाला उचलून घरात आणल्यानंतर जे सुरू होते, त्याविषयी मोकळेपणाने लिहिणारी माणसे थोडी. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर हे अशांपैकी एक. सुमती देवस्थळे यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. तथापि आफ्रिकेतील कुष्ठरोग्यांचा सेवक आणि नोबेल पारितोषिकाचा मानकरी एवढीच त्यांची ओळख सहसा दिली जाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या चरित्राची दुसरी, काहीशी अडचणीची बाजू मांडू इच्छितो.

१४ जानेवारी १८७५ रोजी अल्सेस प्रांतातील कायझर्सबर्ग या गावी त्यांचा जन्म झाला. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरचा हा प्रांत त्या वेळी जर्मन साम्राज्यात होता. वडील धर्मोपदेशक होते. अल्बर्ट काही महिन्यांचा असतानाच त्यांची बदली जवळच्या ग्युन्सबाख या खेड्यात झाली आणि द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या त्या दरीत मुलाचे बालपण गेले. अगदी लहानपणी, शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच, त्याला एक प्रश्न पडला होता. रात्रीच्या प्रार्थनेत केवळ माणसांसाठीच मागणे का मागायचे? आई प्रार्थना आटोपून निघून गेली की हा मुलगा अंथरुणात आपली स्वतःची एक गुपचूप प्रार्थना म्हणे, आणि तीत श्वास घेणाऱ्या सर्व जिवांचे रक्षण व्हावे असे मागे.

हे वाचून कोणी त्याला जन्मजात संत समजू नये. घरी फिलाक्स नावाचा कुत्रा होता. गणवेश पाहिला की तो पिसाळल्यासारखा धावून जाई, म्हणून टपालवाला येण्याच्या वेळी छडी घेऊन त्याला अंगणाच्या कोपऱ्यात रोखून धरण्याचे काम अल्बर्टकडे असे. गुरगुरणाऱ्या कुत्र्यासमोर छडी उगारून उभे राहताना मुलाला आपण सर्कशीतील सिंहाचे शिक्षक आहोत असे वाटून अभिमान होई. टपालवाला गेला, कुत्रा पुन्हा मित्रासारखा शेजारी येऊन बसला, की मात्र मनाला लागे. कारण गळपट्टा धरून नुसते कुरवाळले असते तरी तो शांत राहिला असता, हे त्याला ठाऊक होते. तरीही दुसऱ्या दिवशी छडी पुन्हा हाती येई. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या, दमेकरी घोड्याला चाबकाच्या धाकाने दौडत नेण्याची हौसही त्याने भागवून घेतली होती, आणि गाडी सोडल्यावर त्या घोड्याच्या धापा टाकणाऱ्या बरगड्या पाहून तो ओशाळलाही होता. एका लंगड्या घोड्याला पुढून एक माणूस ओढतो आहे, मागून दुसरा काठीने मारतो आहे आणि अशी वरात कोल्मारच्या कत्तलखान्याकडे चालली आहे, हे दृश्य कित्येक आठवडे त्याच्या डोळ्यांसमोरून हटले नाही.

सात-आठ वर्षांचा असताना घडलेला प्रसंग त्याच्या आयुष्यात ठाण मांडून बसला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील एका रविवारी सकाळी एका सवंगड्याने त्याला टेकडीवर पाखरे मारायला बोलावले. दोघांनी रबरी गलोली तयार केल्या होत्या. अल्बर्टला हे मुळीच नको होते, पण नाही म्हटले तर हसे होईल, या भीतीने तो गेला. एका निष्पर्ण झाडावर पाखरे निर्धास्त गात होती. सवंगड्याने दगड लावून नेम धरला, यानेही धरला. आणि त्याच क्षणी खाली गावातून प्रार्थनामंदिराच्या घंटा वाजू लागल्या. मुलाने गलोल फेकून दिली, ओरडून पाखरांना उडवून लावले आणि तो घराकडे धावत सुटला. लोक काय म्हणतील या भयातून आपण त्या दिवशी सुटलो, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. वसतिगृहातील जीवन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या प्रसंगाचे मर्म वेगळे सांगावयास नको. दगड मारण्याची इच्छा नसलेली किती मुले केवळ चार जणांत भेकड ठरू नये म्हणून दगड मारतात!

पुढील शिक्षणाचा तपशील थोडक्यात आटोपू. स्ट्रासबर्ग विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट आणि धर्मशास्त्रात उच्च पदवी मिळविली. ऑर्गनवादक म्हणून युरोपभर नाव झाले, संगीतकार बाख यांच्यावरील त्यांचा ग्रंथ प्रमाण मानला गेला. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी मनाशी ठरविले होते की तिशीपर्यंत विद्या आणि कला यांसाठी जगावयाचे आणि त्यानंतर प्रत्यक्ष मानवसेवेस लागावयाचे. त्याप्रमाणे ते तिसाव्या वर्षी, स्वतः प्राध्यापक असताना, वैद्यकाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. १९१२ साली हेलेने ब्रेस्लाऊ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हेलेने यांनी या कार्यासाठी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. एप्रिल १९१३ मध्ये हे दांपत्य विषुववृत्तीय आफ्रिकेतील गॅबॉन या फ्रेंच वसाहतीत, ओगोवे नदीच्या काठी, लांबारेने येथे पोहोचले. दवाखान्याला जागा नव्हती. तेव्हा कोंबड्यांचे एक जुने खुराडे साफ करून त्यात रुग्ण तपासण्यास प्रारंभ झाला.

पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मन नागरिक म्हणून फ्रेंच वसाहतीत ते नजरकैदेत पडले. याच काळात, सप्टेंबर १९१५ मध्ये, एका आजारी स्त्रीला तपासण्यासाठी ते नदीमार्गाने निघाले होते. मूळ नीतितत्त्व कोणते, हा प्रश्न त्यांना महिनोन्‌महिने छळत होता. तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी त्यांची नाव पाणघोड्यांच्या कळपामधून वाट काढीत होती, आणि अकस्मात जो शब्द ते शोधत होते तो त्यांना सापडला. जीवनाविषयी आदर, असा त्याचा मराठीत अर्थ होईल. मी जगू इच्छिणारा जीव आहे आणि माझ्या सभोवती जगू इच्छिणारेच जीव आहेत, या जाणिवेवर त्यांनी आपले सारे नीतिशास्त्र उभे केले. पावसानंतर वाटेवर वळवळणारा गांडूळ उन्हाने सुकेल म्हणून उचलून गवतात सोडावा, डबक्यात पडलेल्या किड्याला काडीचा आधार द्यावा, आणि लोक हसले तरी लाजू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत त्यांनी हा विचार नेला.

आता तत्त्व सापडणे वेगळे आणि ते घेऊन अरण्याच्या काठी संसार करणे वेगळे. १९२४ साली ते लांबारेनेला परतले तेव्हा जुने रुग्णालय मोडकळीस आले होते. पुढे दुष्काळ आणि आमांशाची साथ एकदमच आली, जागा अपुरी पडू लागली, म्हणून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे तीन किलोमीटरांवर जंगल तोडून त्यांनी नवे रुग्णालय वसविले आणि १९२७ च्या जानेवारीत रुग्णांना तेथे हलविले. बांधकाम लाकडी खांबांवरचे होते. खांब रोवण्यासाठी खणलेल्या प्रत्येक खड्ड्यात डॉक्टर आधी वाकून पाहत. त्यात बेडूक, मुंग्या वा अन्य जीव पडले असतील तर ते हाताने बाहेर काढीत आणि मगच खांब सोडू देत. जमीन साफ करताना आड येणारे तेलताडही शक्य तेथे मुळासकट काढून दुसरीकडे लावण्यात आले. मजुरांतील काहींना हा प्रकार विचित्र वाटे, काहींना हसू येई.

हाच मनुष्य घरात बंदूक बाळगून होता! घराभोवतीच्या गवतातील विषारी साप आणि दारासमोरच्या ताडांवरील सुगरणींची घरटी लुटणारे शिकारी पक्षी यांच्यासाठी ती होती, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. हे वाचून आम्ही प्रथम चमकलो. सुगरणीचे पिल्लू वाचविण्यासाठी ससाण्याला मारणे यास जीवनाविषयी आदर म्हणावे काय? ससाण्यालाही पिल्ले असतात. श्वाइट्झर यांची ही कृती आम्हांस पटत नाही. परंतु ती त्यांनी लपविली नाही, ही गोष्ट आम्ही महत्त्वाची मानतो.

त्यांच्या आठवणींतील मत्स्यगरुडाची कथा तर याहून बिकट आहे. नदीच्या वाळूपट्टीवर स्थानिक लोकांनी मत्स्यगरुडाचे एक पिल्लू पकडले होते. त्यांच्या हातून त्याचे हाल होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी ते विकत घेतले. येथवर ही सिद्धार्थाच्या हंसाचीच कथा आहे. पण गरुडाचे पिल्लू दाणे खात नाही. त्याला रोज मासे हवेत, आणि मासाही जगू इच्छिणारा जीवच. पिल्लाला उपाशी मरू द्यावे की त्याच्यासाठी रोज काही लहान मासे मारावेत, असा पेच आता उभा राहिला. डॉक्टरांनी मासे देण्याचे ठरविले. मात्र एका जिवासाठी दुसऱ्याचा बळी आपल्या निर्णयाने जात आहे, ही जबाबदारी त्यांना प्रत्येक दिवशी जड वाटत राहिली. ते पिल्लू न घेता पुढे गेले असते तर त्यांच्या माथी काहीच आले नसते. एकदा हात पुढे केल्यावर मात्र कोणाच्या ना कोणाच्या मृत्यूचे वाटेकरी होणे त्यांना टळले नाही. रुग्णालयातही निद्रारोगावरचे औषध हाती आल्याचा आनंद होत असताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे रोगजंतू आपण मारीत आहोत, याचे भान त्यांनी सोडले नाही. निसर्गाचा नियम म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येतो, आणि पुष्कळ विद्वान तसे करतातही. त्यांनी तो उघडा ठेवला.

जोसेफिन नावाच्या रानडुकरीची हकीकतही अशीच. एका स्त्रीने तिला लहान असताना आणून दिले होते. कुंपणात ठेवली तर ती माती उकरून बाहेर पडे. हळूहळू माणसाळली, कुत्र्यासारखी मागे मागे फिरू लागली, एवढेच नव्हे तर चिखलाने माखलेल्या अंगाने थेट प्रार्थनेच्या सभेत येऊन बसू लागली. डॉक्टरांनी तिचे खोडसाळ किस्से मोठ्या प्रेमाने लिहिले आहेत. पण मोठी झाल्यावर ती लोकांच्या कोंबड्या मारू लागली आणि सुधारेना, तेव्हा त्यांनीच तिचा शेवट करविला. जंगलात परत जाण्याची तिची वाट माणसाच्या मायेनेच बंद करून टाकली होती. रानातले पिल्लू घरात वाढविणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ध्यानी ठेवावी असे आम्हांस वाटते.

रुग्णालयाच्या आवारात अशा आश्रितांची संख्या वाढतच गेली. शिकारीत आई मारली गेलेली पिल्ले आसपासचे लोक डॉक्टरांकडे घेऊन येत, आणि ते त्यांचा मोबदला देत. हरणे, माकडे, चिंपांझी, पोपट, नाना तऱ्हेचे पक्षी तेथे नांदले. घशाखाली झोळी असलेला पार्सिफाल नावाचा एक पेलिकन तर जगप्रसिद्ध झाला. तो पिल्लू असताना आला, मोठा झाल्यावर उडून जाण्यास मोकळा होता, तरी डॉक्टरांच्या दाराशी परत येत राहिला. रात्री तो दारावर बसून पहारा देई आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर चोच चालवी. रुग्णालयातील एका स्त्री डॉक्टरने काढलेल्या छायाचित्रांसह या पक्ष्याचे चरित्र श्वाइट्झर यांनी १९५० साली प्रसिद्ध केले. ते पेलिकनच्याच तोंडून सांगितलेले आहे आणि त्यात डॉक्टरांचीही थोडी थट्टा आहे.

येथे एक खुलासा करणे आम्ही कर्तव्य समजतो. श्वाइट्झर यांच्या काळी आणि प्रदेशी जे घडले त्याचे जसेच्या तसे अनुकरण आज आपल्याकडे करता येणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्य प्राणी परवानगीविना घरी पाळणे हा गुन्हा आहे, मग हेतू दयेचा का असेना. जखमी प्राणी आढळल्यास त्याला शांत, अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे; घाईने काही खाऊ-पिऊ घालू नये. पिल्लाला इजा नसेल आणि घरटे दिसत असेल, तर त्याला परत घरट्यात ठेवणे हाच उत्तम उपचार. रुग्णसेवा आणि अनाथ वन्यप्राणी एका आवारात नांदविण्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथील आमटे कुटुंबीयांचा प्रकल्प आमच्या अनेक वाचकांनी प्रत्यक्ष पाहिला असेल.

श्वाइट्झर यांच्यावर टीकाही झाली. रुग्णांच्या खाटांच्या आसपास शेळ्या-कोंबड्या हिंडतात, हे रुग्णालय की खेडे, असा आक्षेप पाहुण्यांनी घेतला. रुग्णाचे नातलग सोबत राहून स्वयंपाक करीत, त्यामुळे लोकांना ते परके वाटत नसे, हेही तितकेच खरे. पण एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर नाही. आफ्रिकी माणूस आपला भाऊ आहे, परंतु धाकटा भाऊ, अशी त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेल्या आम्हांस ती मान्य होणे शक्य नाही. ज्याच्या ठायी मुंगीविषयी इतकी जागरूकता होती त्याच्या ठायी माणसाच्या बरोबरीविषयी तितकी नव्हती, ही त्यांच्या जीवनातील उणीव आहे आणि ती सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

भारतीय विचारपरंपरेवर त्यांनी १९३५ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात भगवान बुद्धांच्या करुणेविषयी आदर आहे, पण तक्रारही आहे. ही करुणा इजा न करण्यापाशी थांबते, प्रत्यक्ष साहाय्यास धावून जाण्याचा आदेश देत नाही, असे त्यांचे मत होते. केवळ अहिंसा पुरेशी नाही हे पटविताना त्यांनी गांधीजींचा दाखला घेतला आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तडफडणाऱ्या एका वासराला गांधीजींनी विष टोचवून मरण दिले आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला. श्वाइट्झर यांना ते कृत्य योग्य वाटले.

बुद्धांविषयीच्या त्यांच्या मताशी आम्ही सहमत नाही. विनयपिटकात भगवंतांनी आनंदासह एका अतिसारग्रस्त भिक्खूला, जो स्वतःच्याच घाणीत पडून होता, स्वहस्ते धुऊन स्वच्छ केले आणि रुग्णांची शुश्रूषा करण्याचा आदेश संघाला दिला, हा प्रसंग आहे. त्याच पिटकात आणखी एक लहानसा निवाडा आहे. फासात अडकलेले डुक्कर वा हरीण एखाद्या भिक्खूने सोडून दिले, तर ती शिकाऱ्याच्या मालमत्तेची चोरी ठरते काय? करुणेने सोडले असेल तर दोष नाही, असा निर्णय भगवंतांनी दिला. हात न लावता बाजूने निघून जाणे भिक्खूला सोपे होते. ज्याने हात लावला त्याला भगवंतांनी दोषी ठरविले नाही. या प्रसंगांना श्वाइट्झर यांनी पुरेसे वजन दिले नाही, असे आमचे मत आहे. मत्स्यगरुडाच्या पिल्लासाठी वाळूपट्टीवर पैसे मोजणारा डॉक्टर त्या फास सोडणाऱ्या भिक्खूपासून फार दूर उभा नव्हता.

१९५२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. त्या रकमेचा विनियोग त्यांनी लांबारेनेच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी केला. १९५७ साली अणुचाचण्यांविरुद्ध त्यांचे आवाहन नभोवाणीवरून प्रसारित झाले. त्याच वर्षी हेलेने यांचे निधन झाले. डॉक्टर मात्र आफ्रिकेतच राहिले. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लांबारेने येथेच त्यांनी देह ठेवला आणि ओगोवे नदीच्या काठी, पत्नीच्या अस्थींशेजारी, त्यांना पुरण्यात आले. १९८१ मध्ये शेजारी नवे रुग्णालय उभे राहिले. खड्ड्यातले बेडूक काढून ज्याचे खांब रोवले होते ते जुने रुग्णालय आता संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे.